हिममध्यांतील बिऱ्हाड

लोकमान्य टिळकांचा आर्यांच्या उत्तरध्रुवनिवासाविषयींचा ग्रंथ १९०३ सालीं प्रसिद्ध झाला, आणि तेव्हांपासून दीर्घकाळ चालणारी रात्र व क्षितिजाभोंवतीं फिरत राहणारी उषा यांची कल्पना सुशिक्षित महाराष्ट्रीय घरांस परकी राहिली नाहीं. त्या ग्रंथांतील सिद्धान्त पंडितांस मान्य झाला नाहीं, ही गोष्ट निराळी. ध्रुवप्रदेशाविषयींचें कुतूहल मात्र त्यानें आपल्यांत कायमचें पेरलें. पुढें हें कुतूहल वाढलें तें मुख्यतः वीरकथांच्या आधारानें. १४ डिसेंबर १९११ रोजीं आमुंडसेननें दक्षिण ध्रुव गांठला. महिन्याभरानें स्कॉट तेथें पोंचला आणि परतीच्या वाटेवर आपल्या चार सोबत्यांसह मरण पावला. या हकीकती आपण लहानपणींच वाचलेल्या असतात. या सर्व कथा चालण्याच्या आहेत. कोण किती दूर गेला, कोण आधीं पोंचला, कोण परत आला नाहीं, हेंच त्यांचें सूत्र.

परंतु ध्रुवप्रदेशांत आणखीहि एका प्रकारचे लोक होऊन गेले. ते एके ठिकाणीं जाऊन बसले, आणि महिनोन्‌महिने तेथेंच बसून राहिले. रोज ठराविक वेळीं उठावें, उष्णतामापकाचा आंकडा वहींत टिपावा, वाऱ्याची दिशा पाहावी, पुन्हां येऊन चूल पेटवावी, हाच त्यांचा पराक्रम. आपल्याकडे तालुक्याच्या कचेरींतील एखादा कारकून रोज सकाळीं पर्जन्यमापकांतील पाणी मोजून त्याची नोंद करतो. त्याच्या कामांत व या लोकांच्या कामांत जातीचा भेद नाहीं. भेद आहे तो केवळ स्थळाचा. असें हें काम असल्यामुळें त्यावर काव्यें झालीं नाहींत. तरी ध्रुवप्रदेशाविषयीं आज मनुष्यजातीस जें निश्चित ज्ञान आहे, त्याचा मोठा भाग या बैठ्या लोकांनीं मिळवून दिलेला आहे. त्यांच्यापैकीं तिघांच्या एका हिंवाळ्याची हकीकत येथें सांगण्याचा विचार आहे. या हकीकतींत दोन मृत्यु आहेत आणि एक पत्र आहे. आणि त्या पत्राविषयीं वाचकांनीं स्वतःच न्याय करावा असें आम्हांस वाटतें.

ध्रुवप्रदेशांत शर्यती न लावतां ठिकठिकाणीं एकाच वेळीं, एकाच पद्धतीनें निरीक्षणें करावीं, हा विचार प्रथम जोरानें मांडला तो कार्ल वायप्रेख्त या ऑस्ट्रियन नाविक अधिकाऱ्यानें. तो स्वतः १८७२ ते १८७४ या काळांत बर्फांत अडकून पडलेल्या एका मोहिमेचा नायक होता. म्हणजे त्याचें मत हें आरामखुर्चींतलें मत नव्हतें. १८८१ सालीं तो वारला, आणि दुसऱ्याच वर्षीं, १८८२-८३ मध्यें, अनेक राष्ट्रांनीं मिळून पहिलें 'ध्रुववर्ष' पाळलें. पुढें पन्नास वर्षांनीं दुसरें ध्रुववर्ष पाळण्याचें ठरलें. आणि त्याच्या थोडें आधीं आमच्या कथेस आरंभ होतो.

आल्फ्रेड वेगेनर हें नांव भूगोल शिकलेल्या प्रत्येकास आज ठाऊक आहे. खंडें स्थिर नसून तीं सरकतात, हा सिद्धान्त त्यानें १९१२ सालीं मांडला व १९१५ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. आपल्या गोंडवनावरून ज्याचें नांव पडलें त्या प्राचीन महाखंडांत भारत व दक्षिण ध्रुवाची भूमि एकमेकांस लागून होतीं, हें आज शाळेंत शिकवितात. वेगेनरच्या हयातींत मात्र बहुतेक भूगर्भशास्त्रज्ञांनीं तें थट्टेवारी नेलें. परंतु व्यवसायानें तो भूगर्भशास्त्रज्ञ नव्हता. तो हवामानशास्त्रज्ञ होता, आणि त्याचें खरें प्रेम ग्रीनलंडच्या बर्फावर होतें. १९०६ ते १९०८ आणि १९१२-१३ अशा दोन वेळां तो तेथें जाऊन राहिला होता. १९२४ पासून तो ऑस्ट्रियांतील ग्राझ येथील विद्यापीठांत अध्यापक होता.

ग्रीनलंड म्हणजे एक प्रचंड बर्फाची घुमटी आहे. कांठाला डोंगर व खाड्या, आणि आंत हजारों चौरस मैल नुसता बर्फ. जमिनीचा कोठें मागमूस नाहीं. या घुमटीच्या माथ्यावर हिंवाळ्यांत थंडी किती पडते, वरच्या हवेंत वारे कोणत्या दिशेनें वाहतात, बर्फाची जाडी किती आहे, दरवर्षीं किती हिम नव्यानें पडतें, यांपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर १९३० सालीं कोणास देतां येत नव्हतें. कारण तेथें कोणी हिंवाळा काढलाच नव्हता. उन्हाळ्यांत आडवे निघून गेलेले प्रवासी होते. पण बारा महिने मुक्काम करून निरीक्षण करणारा कोणी नव्हता. वेगेनरनें योजना आंखली ती अशी: सुमारे ७१ अक्षांशावर तीन ठाणीं करावयाचीं, एक पश्चिम कांठाजवळ, एक पूर्व किनाऱ्यावर, आणि तिसरें अगदीं मध्यावर, पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटर आंत, समुद्रसपाटीपासून सुमारे ३००० मीटर उंचीवर. उंची आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. अंतर साधारण पुण्याहून गोव्याएवढें. आणि वाटेंत एक झाड नाहीं, दगड नाहीं, पाणी नाहीं. या तिसऱ्या ठाण्याचें नांव 'आइसमिटे', म्हणजे हिममध्य.

योजना कागदावर उत्तम होती. पण ज्या खाडींत सामान उतरावयाचें ती १९३० च्या वसंतांत बर्फानें गच्च भरलेली निघाली. मोहिमेचे लोक किनाऱ्याच्या तोंडाशीं बसून राहिले, आणि जवळजवळ सहा आठवडे हातचे गेले. जूनच्या मध्यावर सामान उतरलें. तें घोड्यांच्या पाठीवरून व माणसांच्या खांद्यावरून हिमनदीच्या चढावर नेतां नेतां उन्हाळा संपत आला. ज्या देशांत काम करण्याचा हंगाम तीन महिन्यांचा, तेथें सहा आठवडे गमावणें म्हणजे काय, हें मृगाची पेरणी चुकलेल्या शेतकऱ्यास समजावून सांगावें लागणार नाहीं. पुढचा सारा अनर्थ या एका उशिरांतून उपजला.

३० जुलै १९३० रोजीं योहानेस गेऑर्गी हा हवामानशास्त्रज्ञ कुत्र्यांच्या घसरगाड्यांबरोबर नियोजित स्थळीं पोंचला. हॅम्बुर्ग येथील सागरी वेधशाळेंत काम करणारा, चाळिशी ओलांडलेला हा गृहस्थ. वरच्या हवेंतील वाऱ्यांचा त्याचा विशेष अभ्यास. गाड्या परतल्या आणि गेऑर्गी एका तंबूंत एकटा राहिला. त्यानें पहिल्या दिवसापासून निरीक्षणें चालू केलीं. १३ सप्टेंबरला एर्न्स्ट झोर्गे हा तिशीच्या उंबरठ्यावरचा, व्यवसायानें शाळामास्तर असलेला बर्फाचा अभ्यासक येऊन त्यास मिळाला. पण जें यावयास हवें होतें तें आलें नाहीं. हिंवाळ्याकरितां तयार केलेलें घर आलें नाहीं. बिनतारी यंत्र आलें नाहीं. रॉकेल पुरेसें आलें नाहीं. कारण कुत्र्यांच्या गाडीचें गणित मोठें कठोर असतें: कुत्र्यांचें खाणें कुत्र्यांनींच ओढावयाचें, आणि अंतर जसजसें वाढतें तसतसें मुक्कामास पोंचणारें ओझें घटत जातें. विमानाच्या पंख्यानें चालणाऱ्या दोन मोटार-घसरगाड्या वेगेनरनें या कामासाठीं आणल्या होत्या. त्या अर्ध्या वाटेवरील भुसभुशीत नव्या हिमांत अडल्या व मागें फिरल्या.

अशा स्थितींत १४ सप्टेंबरला परतणाऱ्या गाड्यांबरोबर गेऑर्गी व झोर्गे यांनीं पश्चिमेच्या ठाण्यास एक पत्र धाडलें. त्याचा आशय असा कीं, अमुक अमुक वस्तूंवांचून येथें हिंवाळा काढणें शक्य नाहीं. २० ऑक्टोबरपर्यंत त्या न आल्यास आम्ही हातगाडी ओढीत पायीं किनाऱ्याकडे निघूं. पत्र खोटें नव्हतें. त्या दिवशीं, त्या तंबूंत, त्यांच्याजवळच्या रॉकेलाच्या हिशेबावरून दुसरा निष्कर्ष निघण्याजोगा नव्हता. तें घेऊन गाड्या पश्चिमेस गेल्या, आणि मागें दोघे माणसें निवाऱ्याच्या विचारास लागलीं.

निवारा त्यांनीं शोधला तो पायाखालीं. ग्रीनलंडच्या मध्यावर पडलेलें हिम वितळत नाहीं. वर्षानुवर्षांचे थर एकमेकांस दाबून खालीं घट्ट, पांढरा, करवतीनें कापतां येण्याजोगा बर्फ होतो. या बर्फांत त्यांनीं एक तळघर खोदलें. वर हिमाचा जाड थर ठेवून आंत कमानदार खोली. भिंतींतच कोरून काढलेले ओटे, त्यांवर रेनडिअरचीं कातडीं पसरून बिछाने. एका बाजूस मेज व उपकरणें. ५ ऑक्टोबर रोजीं त्यांनीं तंबू सोडून या तळघरांत बिऱ्हाड नेलें. बर्फाचें घर उबदार कसें असेल, असा प्रश्न सहज मनांत येतो. उबदार तें नव्हतेंच. पण हिमांत कोंडलेली हवा उष्णतेस बाहेर जाऊं देत नाहीं, आणि बाहेरच्या वाऱ्यास तर तेथें प्रवेशच नव्हता. बाहेर शून्याखालीं ५० अंश असतां आंत एका प्रायमस स्टोव्हच्या व एका दिव्याच्या आधारानें शून्याच्या थोडें खालीं तपमान राखतां येई. शून्याच्या फार वर नेणें तर सोयीचेंहि नव्हतें, कारण मग घरच पाझरूं लागलें असतें! घर वितळूं नये म्हणून गारठ्यांत बसावयाचें, अशी ही गृहस्थी.

थोड्याच दिवसांत त्यांच्या ध्यानांत आलें कीं, या तळघरांत, रॉकेल अगदीं मोजून मापून वापरलें तर, हिंवाळा निभावणें शक्य आहे. उलट उणे ५० अंशांत ४०० किलोमीटर हातगाडी ओढणें म्हणजे निश्चित मरण. त्यांनीं राहावयाचें ठरविलें. निर्णय शहाणपणाचा होता. पण तो किनाऱ्यास कळविण्यास त्यांच्याजवळ कांहींहि साधन नव्हतें. बिनतारी यंत्र मागें राहिलें होतें; आणि पत्र मात्र पुढें गेलें होतें.

तें पत्र वेगेनरला वाटेंतच मिळालें. २२ सप्टेंबरच्या सुमारास तो स्वतः पंधरा गाड्या घेऊन हिममध्याकडे निघाला होता. बरोबर फ्रिट्स लोवे हा हवामानशास्त्रज्ञ आणि तेरा ग्रीनलंडवासी. परतणाऱ्या तुकडीची गांठ पडली, मोटारगाड्या फसल्याची वार्ता आली आणि पत्र हातीं आलें. त्या क्षणापासून या प्रवासाचा हेतु बदलला. आतां सामान पोंचविणें हें दुय्यम झालें. आपले दोन माणूस २० ऑक्टोबरला मृत्यूच्या वाटेस लागतील, त्यांस अडविलें पाहिजे, ही एकच गोष्ट राहिली. हिम मऊ, थंडी अवेळीं कडक, कुत्रे थकलेले. ग्रीनलंडवासी एकामागून एक तुकडीनें परतले. त्यांस कोणी भित्रे म्हणूं नये; तो बर्फ त्यांच्या जन्माचा ओळखीचा होता, आणि या दिवसांत आंत जाणें योग्य नाहीं हा त्यांचा अंदाज अक्षरशः खरा ठरला. तेरांपैकीं एकच मागें राहिला: रासमुस विलुमसेन, विशींतला तरुण. गाड्यांवरील ओझें वाटेंत टाकीत टाकीत हे तिघे चाळीस दिवसांनीं, ३० ऑक्टोबर रोजीं, हिममध्यास पोंचले. शेवटल्या दिवसांत थंडी शून्याखालीं ५४ अंशांपर्यंत गेली होती. ज्या सामानासाठीं हा प्रवास मांडला त्यांपैकीं जवळजवळ कांहींच त्यांच्याबरोबर नव्हतें.

आणि ज्यांस वांचवावयास ते आले ते दोघे तळघरांत सुखरूप होते.

या भेटींतील विरोध एखाद्या नाटककारानें कल्पिला असता तर आपण तो अतिरंजित म्हटला असता. वेगेनर स्वतः मात्र उत्साहांत होता. तळघर पाहून तो फार खूष झाला; येथें हिंवाळा काढतां येईल, हें ऐकून त्याच्या मनावरचें ओझें उतरलें. पण पांच जणांस पुरेल एवढें अन्न व रॉकेल तेथें नव्हतें. लोवेच्या पायांचीं बोटें वाटेंत थंडीनें निर्जीव झालीं होतीं. तो चालूं शकत नव्हता, म्हणून त्यास ठेवून घेणें भागच होतें. वेगेनर व रासमुस यांनीं परतावयाचें ठरलें. १ नोव्हेंबर १९३० रोजीं, वेगेनरच्या पन्नासाव्या वाढदिवशीं, ते दोघे दोन गाड्या व सतरा कुत्रे घेऊन पश्चिमेस निघाले. मागें तिघे राहिले.

आतां या तिघांच्या दिनक्रमाकडे वळूं. पहिलें काम लोवेच्या पायांचें. कुजूं लागलेलीं बोटें काढलीं नाहींत तर विष अंगांत भिनणार, हें उघड होतें. डॉक्टर नाहीं, शस्त्रें नाहींत, गुंगीचें औषध नाहीं. गेऑर्गीनें खिशांतला चाकू व पत्रा कापण्याची कात्री यांच्या साहाय्यानें त्याच्या पायांचीं बहुतेक बोटें कापून काढलीं. लोवे वांचला, पण हिंवाळ्याचे महिनेच्या महिने त्यास झोपण्याच्या पिशवींत पडून राहावें लागलें. ज्या खोलींत तिघांनीं राहावयाचें, त्यांतील एक असा जायबंदी. त्याची शुश्रूषा हाहि मग रोजच्या कामाचाच भाग झाला.

दिवसांतून तीन वेळां निरीक्षण करण्याचा नियम होता. 'दिवस' हा शब्द येथें केवळ घड्याळापुरता खरा. नोव्हेंबरच्या उत्तरार्धांत सूर्य दिसेनासा झाला तो जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हां दिसावयाचा. मध्यंतरी दुपारीं दक्षिणेकडे कांहीं वेळ फिकट उजेड, एवढाच काय तो दिवस. तरी ठरल्या वेळीं ऊबदार पिशवींतून बाहेर पडावयाचें, कातडी कपडे चढवावयाचे, बर्फांत कोरलेल्या वाटेनें वर जावयाचें, कंदिलाच्या उजेडांत आंकडे वाचावयाचे. शून्याखालीं ३९ अंशांवर पाराच गोठतो; म्हणून खरी थंडी मोजण्यास मद्यार्काचे उष्णतामापक वापरावे लागत. उपकरणांवर तुषाराचे थर सांचत, ते हळूच काढावे लागत. त्या वेळीं श्वासहि जपून सोडावा लागे, कारण श्वासाची वाफ काचेवर बसली कीं आंकडा दिसत नाहीं. उघड्या बोटानें धातूस स्पर्श झाला तर कातडी तेथेंच राहते. स्वयंलेखक यंत्रांच्या घड्याळांतील तेल थिजतें. अशा यंत्रांची मनधरणी करीत नोंद करावयाची, आणि खालीं येऊन वहींत ती स्वच्छ लिहून काढावयाची. २० मार्च १९३१ च्या सुमारास या वहींत जो आंकडा पडला तो शून्याखालीं जवळजवळ ६५ अंशांचा होता. त्या दिवशींहि नोंद चुकली नाहीं.

हवा अनुकूल असेल तेव्हां हायड्रोजन भरलेले लहान फुगे सोडून, दुर्बिणीच्या यंत्रानें त्यांचा माग घेऊन वरच्या वाऱ्यांची दिशा व गति ठरवावयाची. फुगा दिसेनासा होईपर्यंत यंत्रापासून हालतां येत नाहीं, आणि उभ्या माणसास तर थंडी अधिकच झोंबते. खालीं स्वयंपाकाचें काम साधें, पण वेळखाऊ. पाणी म्हणून कांहीं नाहींच. प्रत्येक पेला बर्फ वितळवून करावयाचा, आणि त्यास रॉकेल लागावयाचें. रॉकेल म्हणजे उष्णता, रॉकेल म्हणजे उजेड, रॉकेल म्हणजे पाणी. तें इतकें मोजकें कीं, यांपैकीं एकांत उधळपट्टी केली तर दुसऱ्यांत उपास घडे. घरांत धान्य संपत आलें म्हणजे गृहिणी जशी मूठ आंखडती घेते, तसा हा संसार या तीन विद्वान् पुरुषांनीं सहा महिने चालविला.

झोर्गेचें काम मात्र या सर्वांत निराळें. त्यानें तळघरांतून खालीं विहीर खणावयास घेतली. सबंध हिंवाळाभर पायऱ्या कोरीत, बर्फाचे तुकडे करवतीनें कापीत, प्रत्येकाचें माप घेऊन वजन करीत तो १५ मीटर खोल गेला. उन्हाळ्यांतला थर भरड व हलका, हिंवाळ्यांतला बारीक व घट्ट. झाडाच्या खोडांतील वलयांप्रमाणें हे थर मोजतां येतात. विहिरीच्या तळाशीं पोंचला तेव्हां झोर्गे सुमारे वीस वर्षांपूर्वींच्या हिमावर उभा होता. त्या खोलीवर ऋतूंचा स्पर्श नाहीं. तेथील तपमान त्या स्थळाच्या वर्षाच्या सरासरीइतकें, म्हणजे शून्याखालीं सुमारे ३० अंश, बाराहि महिने कायम. लोवे वर पडलेला, गेऑर्गी यंत्रांपाशीं, झोर्गे विहिरींत: असा तो संसार. उरल्या वेळांत वाचन आणि संभाषण. तीन माणसें एका कोंदट खोलींत सहा महिने राहिलीं म्हणजे एकमेकांचा स्वभाव किती बोचतो, हें सांगावयास नको. तरी संसार मोडला नाहीं. आमच्या मतें याचें श्रेय तीन वेळांच्या त्या नोंदीस आहे. मन उदास असो, भांडण झालेलें असो, पाय ठणकत असोत. नोंदीची वेळ झाली कीं कोणी तरी उठलेंच पाहिजे. जें काम मनाच्या लहरीवर अवलंबून नसतें, तेंच मनास आधार देतें.

हे तिघे अशा समजुतींत होते कीं, वेगेनर नोव्हेंबरांतच पश्चिमेच्या ठाण्यास सुखरूप पोंचला. पश्चिमेचे लोक अशा समजुतींत होते कीं, वेगेनरनें हिममध्यांतच हिंवाळा काढण्याचें ठरविलें असावें. सहा महिने दोन्हीं ठाणीं एकमेकांच्या भरंवशावर निश्चिन्त राहिलीं. ७ मे १९३१ रोजीं पश्चिमेकडून गाड्या हिममध्यास आल्या, आणि दोन्हीं बाजूंनीं बहुधा एकच प्रश्न विचारला गेला असेल. त्या प्रश्नानेंच उत्तर सांगितलें.

१२ मे रोजीं, जवळजवळ अर्ध्या वाटेवर, बर्फांत रोवलेल्या वेगेनरच्या घसरपट्ट्यांपाशीं खणलें तेव्हां त्याचा देह सांपडला. थंडीनें गोठून आलेला हा मृत्यु नव्हता. अतिश्रमानें हृदय थांबून तो तंबूंत वारला असावा असा निष्कर्ष निघाला. देह झोपण्याच्या पिशव्यांच्या आवरणांत नीट शिवलेला होता, खालीं कातडें अंथरलेलें होतें, आणि जागा ओळखू यावी म्हणून पट्ट्या उभ्या केलेल्या होत्या. हें सर्व रासमुसनें केलें. उणे ४०-५० अंशांत, एकट्यानें, स्वतःचा जीव धोक्यांत असतां त्यानें हें केलें. नंतर वेगेनरची रोजनिशी बरोबर घेऊन तो पुढें निघाला. कांहीं अंतरापर्यंत त्याच्या मुक्कामाच्या खुणा मिळाल्या. मग त्याहि संपल्या. तो व ती रोजनिशी आजपर्यंत सांपडलेली नाहीं. वेगेनरच्या समाधीवर क्रूस उभारला गेला, त्याचें चरित्र लिहिलें गेलें, चंद्रावरील एका विवरासहि त्याचें नांव मिळालें. रासमुसला समाधि नाहीं. ज्या मोहिमेंत तो शास्त्रासाठीं नव्हे तर केवळ आपल्या शब्दासाठीं शेवटपर्यंत गेला, तिच्या इतिहासांत त्याचें नांव एखाद्या ओळींत येऊन जातें. इतिहासलेखकांनीं ही ओळ थोडी मोठी करावी.

आतां त्या पत्राचा प्रश्न. तें पत्र नसतें तर वेगेनर ऑक्टोबरांत मागें फिरला असता, असें म्हणतां येतें. आणि म्हणून गेऑर्गी व झोर्गे यांच्यावर दोष ठेवणारेहि निघाले. आम्हांस तो न्याय वाटत नाहीं. त्यांनीं आपली स्थिति होती तशी कळविली. माणसानें आपल्या संकटाची खरी हकीकत सांगावी कीं न सांगावी? न सांगतां ते मेले असते तर त्यांच्यावर उलट आरोप आला असता. दोष वेगेनरचाहि नाहीं. पत्र वाचून जो नायक परत फिरला असता त्याच्या हाताखालीं कोण काम करील? यंत्रांवर त्यानें फार विसंबावयास नको होतें, आणि वसंतांत सहा आठवडे गेल्यावर योजना आंखडती घ्यावयास हवी होती, एवढें म्हणतां येईल. पण तें आज, पुस्तक मिटून बसलेल्या मनुष्यानें म्हणणें सोपें आहे. आमच्या मतें या प्रसंगाचा बोध निराळा आहे. लिहिणाऱ्याचें मत बदललें तरी लिहिलेला शब्द बदलत नाहीं. तो वाचणाऱ्याच्या हातीं पहिल्या दिवसाइतकाच खरा राहतो. म्हणून ज्यास आपला शब्द मागें घेण्याचें साधन नाहीं, त्यानें तारखेची अट घालतांना दहा वेळां विचार करावा. गेऑर्गी १९७२ पर्यंत जगला. न्यायाधीशानें निर्दोष सोडलेला मनुष्यहि स्वतःच्या मनापुढें सुटतोच असें नाहीं.

या दोन जिवांच्या मोबदल्यांत मिळालें काय? गेऑर्गी आणखी तीन महिने हिममध्यांत राहिला, आणि ऑगस्ट १९३१ मध्यें निरीक्षणांचें एक वर्ष पुरें करूनच त्यानें तें ठाणें सोडलें. हिमघुमटीच्या माथ्यावरचें सबंध वर्षाचें हवामान मनुष्यास प्रथमच आंकड्यांनीं कळलें. स्फोटाच्या लहरींच्या प्रतिध्वनीवरून बर्फाची जाडी मोजण्यांत आली ती अडीच हजार मीटरांहून अधिक निघाली. झोर्गेच्या विहिरींतून हिमाच्या घनतेचा एक नियम निघाला: हिमवर्षाव व तपमान वर्षानुवर्षें सारखें असेल, तर अमुक खोलीवरची घनता काळानें बदलत नाहीं. १९५४ सालीं बाडर या शास्त्रज्ञानें त्यास 'झोर्गेचा नियम' असें नांव दिलें; पण झोर्गे तें ऐकावयास नव्हता, तो १९४६ सालींच वारला होता. १९४९ ते १९५१ या काळांत पोल-एमिल व्हिक्तोर याच्या फ्रेंच मोहिमेनें त्याच जागेजवळ पुन्हां ठाणें केलें. आणि १९९२ सालीं ग्रीनलंडच्या माथ्यावर ३०२९ मीटर खोल भोंक पाडून जो हिमस्तंभ काढण्यांत आला, आणि ज्यावरून लाखभर वर्षांच्या हवामानाचा इतिहास वाचतां आला, त्या विद्येचा श्रीगणेशा १५ मीटरांच्या त्या हातानें खणलेल्या विहिरींत आहे.

लोवेची कथा याहून करुण आहे. ज्या देशाच्या विज्ञानासाठीं त्यानें पायांचीं बोटें दिलीं, त्या देशांत १९३३ सालीं नवें राज्य आलें, आणि यहुदी म्हणून त्यास नोकरीवरून काढण्यांत आलें. तो प्रथम इंग्लंडांत गेला, व तेथून १९३७ सालीं मेलबर्नला. तेथील विद्यापीठांत १९३९ मध्यें त्यानें हवामानशास्त्राचा विभाग उभारला, आणि १९५१ सालीं, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीं, त्याच अधुऱ्या पायांनीं तो दक्षिण ध्रुवप्रदेशांतील फ्रेंच ठाण्यावर हिंवाळा काढावयास गेला. ज्यानें एकदां तो नेम अंगीं बाणवून घेतला त्यास तो सोडवत नाहीं, असेंच म्हणावें लागतें.

आपल्या देशाचाहि या परंपरेंत आतां वांटा आहे. १९८३-८४ मध्यें भारतानें दक्षिण ध्रुवखंडावर 'दक्षिण गंगोत्री' हें पहिलें ठाणें उभारलें. थोड्याच वर्षांत तें बर्फाखालीं गाडलें गेलें व सोडून द्यावें लागलें. मग १९८९ सालीं 'मैत्री', २००८ सालीं उत्तरेकडे 'हिमाद्रि', आणि २०१२ सालीं 'भारती' अशीं ठाणीं झालीं. ध्रुवप्रदेशांत जाणाऱ्या आजच्या मनुष्यास आकाशांतील उपग्रहांच्या द्वारें घरच्यांशीं बोलतां येतें. गेऑर्गीच्या जवळ असें साधन एक दिवस असतें तर दोन माणसें वांचलीं असतीं. ही प्रगति लहान नव्हे. तरी ठरल्या वेळीं उठून यंत्रापाशीं जाण्याचें काम अजून सुटलेलें नाहीं, आणि सुटणारहि नाहीं.

पुण्यांत ज्या इमारतीस लोक अद्यापि 'सिमला ऑफिस' म्हणतात, तेथें १९२८ पासून देशभरच्या नोंदी येत राहिल्या. त्यांतील एकेक आंकडा पाहिला तर क्षुल्लक. पण त्या आंकड्यांच्या राशीवरच पावसाचे अंदाज व दुष्काळाचे इशारे उभे असतात. हिममध्याच्या वहींतील आंकडेहि असेच क्षुल्लक दिसतात. तारीख, वेळ, तपमान, वारा, एवढेंच. त्या रकान्यांत वेगेनरचें नांव नाहीं, रासमुसचें नाहीं, लोवेच्या वेदनेचा उल्लेख नाहीं. १ नोव्हेंबरला दोघे निघून गेले, त्या दिवशीहि नोंद आहे. आणि दुसऱ्या दिवशींहि आहे.